हँक विल्यम्स

हायरम किंग विल्यम्स ऊर्फ हँक विल्यम्स (१७ सप्टेंबर, १९२३ – १ जानेवारी, १९५३) हे अमेरिकेतील कंट्री संगीताचे गायक, गीतकार आणि गिटारवादक होते. विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी अमेरिकी गीतकारांमध्ये त्यांची गणना होते. 'लव्हसिक ब्लूज', 'कोल्ड, कोल्ड हार्ट', 'हे, गुड लुकिन', 'जंबलाया' आणि 'युअर चीटिन हार्ट' ही त्यांनी गायलेली गाणी कंट्री संगीताबरोबरच रॉक आणि पॉप संगीताच्या परंपरेतही रुजली आहेत.

विल्यम्स यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द डिसेंबर १९४६ ते सप्टेंबर १९५२ अशी सहा वर्षांहूनही कमी काळाची होती. त्यांच्या हयातीत त्यांचे केवळ दोन अल्बम प्रकाशित झाले. आज त्यांच्या नावावर उपलब्ध असलेले बहुतेक सर्व अल्बम हे मृत्यूनंतर इतरांनी तयार केलेली संकलने किंवा रेडिओ कार्यक्रमांच्या जतन झालेल्या तबकड्यांवरून काढलेले संच आहेत. त्यामुळे विल्यम्स यांच्या चरित्राचा मोठा भाग त्यांच्या निधनानंतर घडलेला आहे.

बालपण

विल्यम्स यांचा जन्म अलाबामा राज्यातील बटलर काउंटीमध्ये माउंट ऑलिव्ह या वस्तीत झाला. वडील इलोंझो (लॉन) विल्यम्स हे लाकूड कंपनीच्या रेल्वेगाडीवर काम करीत. पहिल्या महायुद्धात सैनिक असलेल्या लॉन यांना १९३० मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पुढील अनेक वर्षे ते कुटुंबापासून दूर राहिले. हँक आणि त्यांची थोरली बहीण आयरीन यांचा सांभाळ आई लिली यांनी केला. महामंदीच्या काळात लिली यांनी जॉर्जियाना, ग्रीनव्हिल आणि नंतर मॉन्टगोमेरी येथे भाडेकरूंसाठी खानावळीसह निवासगृहे चालवून घरखर्च भागवला.

हँक यांना जन्मापासून पाठीच्या कण्याचा स्पायना बिफिडा ऑकल्टा हा विकार होता. त्यात मणक्याच्या हाडाची वाढ अपुरी राहते. या विकाराने होणाऱ्या वेदना त्यांना आयुष्यभर सोसाव्या लागल्या. अंगमेहनतीच्या कामापासून आणि खेळांपासून ते लहानपणीच दुरावले आणि संगीताकडे वळले.

ग्रीनव्हिल परिसरात रुफस पेन नावाचे कृष्णवर्णीय पथगायक होते. 'टी-टॉट' या टोपणनावाने ते ओळखले जात. पैशाच्या किंवा जेवणाच्या मोबदल्यात त्यांनी मुलगा हँक याला गिटारवादनाचे धडे दिले. वर्णभेद कायद्याने लादलेला असलेल्या त्या काळातील दक्षिणेत एका गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीय गुरूकडून ब्लूज संगीताची लय शिकणे ही असाधारण गोष्ट होती. विल्यम्स यांनी पुढे पेन यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले. १९३९ मध्ये पेन यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची कला आज केवळ शिष्याच्या ध्वनिमुद्रणांतून अप्रत्यक्षपणे ऐकू येते.

कारकिर्दीची सुरुवात

१९३७ मध्ये विल्यम्स कुटुंब मॉन्टगोमेरी शहरात स्थायिक झाले. हँक तेथील डब्ल्यूएसएफए या नभोवाणी केंद्राच्या इमारतीबाहेर पदपथावर गात असत. लवकरच त्यांना केंद्रावर कार्यक्रम मिळाला. 'ड्रिफ्टिंग काउबॉइज' हा वाद्यवृंद त्यांनी याच काळात उभा केला. १९३९ मध्ये शाळा सोडून ते पूर्णवेळ संगीताकडे वळले. 'हाँकी-टाँक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मद्यगृहांमध्ये त्यांचे कार्यक्रम होत. लिली स्वतः मोटार चालवून मुलाला आणि वादकांना कार्यक्रमाच्या ठिकाणी नेत असत.

दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या दुखण्यामुळे विल्यम्स यांना सैन्यभरतीतून वगळण्यात आले. वाद्यवृंदातील साथीदार सैन्यात गेल्याने गट विस्कळीत झाला. याच सुमारास त्यांचे मद्यपान वाढले. काही काळ त्यांनी मोबाईल शहरातील जहाजबांधणीच्या गोदीत काम केले. १९४३ मध्ये त्यांची भेट ऑड्री शेपर्ड यांच्याशी झाली आणि डिसेंबर १९४४ मध्ये दोघांचा विवाह झाला. ऑड्री यांनी गटाच्या व्यवस्थापनात भाग घेतला आणि काही गाण्यांत पतीला साथही दिली.

१९४६ मध्ये विल्यम्स यांनी नॅशव्हिल येथे संगीतप्रकाशक फ्रेड रोझ यांची भेट घेतली. रोझ हे गायक रॉय एकफ यांचे भागीदार आणि स्वतः अनुभवी गीतकार होते. विल्यम्स यांना स्वरलेखन येत नव्हते. ते गाण्याचे शब्द वहीत उतरवत आणि चाल स्मरणात ठेवत. रोझ त्या गाण्यांच्या रचनेवर हात फिरवत. ही भागीदारी अखेरपर्यंत टिकली. ११ डिसेंबर १९४६ रोजी स्टर्लिंग या छोट्या कंपनीसाठी विल्यम्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९४७ मध्ये ते एमजीएम कंपनीत दाखल झाले आणि 'मूव्ह इट ऑन ओव्हर' या गाण्याने त्यांना पहिले मोठे यश मिळाले. या गाण्याची ठेकेदार चाल पुढे येणाऱ्या रॉक अँड रोल संगीताची पूर्वखूण मानली जाते.

लोकप्रियता

ऑगस्ट १९४८ मध्ये विल्यम्स श्रीव्हपोर्ट येथील 'लुइझियाना हेराइड' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. प्रेक्षागृहात श्रोत्यांसमोर सादर होणारा हा साप्ताहिक कार्यक्रम अनेक राज्यांत ऐकला जाई. तेथे ते 'लव्हसिक ब्लूज' हे गाणे गाऊ लागले. १९२२ सालचे हे गाणे क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांचे होते. योडल पद्धतीने आवाज झटक्यात वरच्या पट्टीत नेण्याची विल्यम्स यांची लकब श्रोत्यांना विशेष भावली. फ्रेड रोझ यांना मात्र ते गाणे पसंत नव्हते. २२ डिसेंबर १९४८ रोजी सिनसिनाटी येथे त्यांचा विरोध असतानाही विल्यम्स यांनी ते मुद्रित केले. १९४९ मध्ये हे गाणे बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री यादीत १६ आठवडे अव्वल स्थानी राहिले.

या यशामुळे ११ जून १९४९ रोजी विल्यम्स नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित मंचावर प्रथमच गायले. श्रोत्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा गाण्याची फर्माईश केली. स्टील गिटारवर डॉन हेल्म्स आणि फिडलवर जेरी रिव्हर्स असलेला 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'चा नवा संच या काळात त्यांच्यासोबत होता. हेल्म्स यांच्या स्टील गिटारचा उंच पट्टीतील आर्त स्वर ही विल्यम्स यांच्या ध्वनिमुद्रणांची ओळख ठरली.

यानंतरच्या तीन वर्षांत 'लाँग गॉन लोन्सम ब्लूज', 'कोल्ड, कोल्ड हार्ट', 'हे, गुड लुकिन' आणि केजन लोकसंगीतातील चालीवर आधारलेले 'जंबलाया' ही गाणी पाठोपाठ अव्वल ठरली. टोनी बेनेट यांनी १९५१ मध्ये गायलेले 'कोल्ड, कोल्ड हार्ट' पॉप यादीतही पहिल्या स्थानावर पोहोचले. त्यामुळे विल्यम्स यांची गाणी कंट्री संगीत न ऐकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत गेली.

उपदेशपर गद्यपठण आणि गंभीर आशयाच्या रचना विल्यम्स यांनी 'ल्यूक द ड्रिफ्टर' या टोपणनावाने प्रकाशित केल्या. नाणे टाकून गाणी वाजवणारी ज्यूकबॉक्स यंत्रे चालवणारे व्यावसायिक हँक विल्यम्स हे नाव पाहून तबकडी घेत. मद्यगृहात अशा रचना वाजल्या असत्या तर त्यांच्या धंद्याला बाधा आली असती. त्यामुळे हे वेगळे नाव योजण्यात आले.

रेडिओसाठीची ध्वनिमुद्रणे

त्या काळी कंट्री संगीताचे श्रोते प्रामुख्याने एका बाजूला एकच गाणे असलेली तबकडी विकत घेत. अल्बमला फारशी मागणी नव्हती. 'हँक विल्यम्स सिंग्ज' (१९५१) आणि 'मोनिन द ब्लूज' (१९५२) या विल्यम्स यांच्या हयातीतील दोन्ही अल्बममध्ये प्रत्येकी आठच गाणी होती. त्यांच्या कलेचा मोठा भाग रेडिओवर सादर होत होता आणि तो विक्रीसाठी नव्हता.

दौऱ्यांमुळे रोजच्या प्रक्षेपणाला हजर राहणे शक्य नसल्याने विल्यम्स यांचे अनेक कार्यक्रम आधीच मुद्रित केले जात. यासाठी ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर दिलेल्या मोठ्या तबकड्या वापरल्या जात. त्यांना ॲसिटेट तबकडी म्हणत. सुई प्रत्येक वेळी फिरताना हा मऊ थर झिजतो. प्रक्षेपण झाल्यावर अशा तबकड्या सहसा टाकून दिल्या जात.

ऑक्टोबर १९४९ मध्ये हॅडाकॉल या टॉनिकच्या जाहिरातीसाठी प्रत्येकी १५ मिनिटांचे आठ 'हेल्थ अँड हॅपिनेस' कार्यक्रम मुद्रित झाले. या टॉनिकमध्ये १२ टक्के मद्यार्क होता. १९५० मध्ये टेक्सासमधील एका रोपवाटिकेच्या प्रायोजकत्वाखाली 'गार्डन स्पॉट' कार्यक्रम झाले. १९५१ मध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून 'मदर्स बेस्ट' या पिठाच्या नावाने सकाळी प्रक्षेपित होणारे कार्यक्रम हा यातील सर्वांत मोठा साठा होय. त्यांत विल्यम्स वादकांशी गप्पा मारतात, पिठाची जाहिरात करतात, भजने गातात आणि इतर गायकांची गाणीही म्हणतात. यांतील अनेक गाणी त्यांनी एमजीएमसाठी कधीच मुद्रित केली नव्हती.

आजारपण आणि अखेरचे वर्ष

डिसेंबर १९५१ मध्ये विल्यम्स यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. तिने वेदना थांबल्या नाहीत. मद्य आणि वेदनाशामक औषधे यांवरील त्यांचे अवलंबन वाढत गेले. १९५२ मध्ये ऑड्री यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला. कार्यक्रम चुकवणे आणि नशेत मंचावर येणे यांमुळे ऑगस्ट १९५२ मध्ये ग्रँड ओल ऑप्रीने त्यांना काढून टाकले. ते पुन्हा लुइझियाना हेराइडमध्ये परतले. याच काळात टोबी मार्शल नावाच्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या तोतया डॉक्टरने त्यांना क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध देण्यास सुरुवात केली.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी नॅशव्हिल येथे विल्यम्स यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण झाले. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी त्या एका सत्रात 'काव-लायगा', 'युअर चीटिन हार्ट' आणि 'टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट' ही गाणी गायली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बिली जीन जोन्स यांच्याशी विवाह केला. न्यू ऑर्लिन्समधील सभागृहात तिकीट लावून हा समारंभ लोकांसमोर पुन्हा करण्यात आला.

मृत्यू

३१ डिसेंबर १९५२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे आणि १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतील कँटन येथे विल्यम्स यांचे कार्यक्रम ठरले होते. खराब हवामानामुळे विमानप्रवास शक्य झाला नाही आणि चार्ल्सटनचा कार्यक्रम रद्द झाला. चार्ल्स कार हा महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांची कॅडिलॅक मोटार चालवत होता. नॉक्सव्हिल येथील हॉटेलात डॉक्टरांनी विल्यम्स यांना बी-१२ जीवनसत्त्व आणि मॉर्फिनची इंजेक्शने दिली. त्यानंतर मोटार कँटनच्या दिशेने निघाली. १ जानेवारीच्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील ओक हिल येथे मागच्या आसनावर ते निश्चल असल्याचे चालकाच्या लक्षात आले. रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले. शवविच्छेदनात हृदयक्रिया मंदावल्याने मृत्यू झाल्याचे नोंदवले गेले. त्या वेळी त्यांचे वय २९ वर्षे होते.

४ जानेवारी रोजी मॉन्टगोमेरीच्या नगर सभागृहात अंत्यविधी झाला. हजारो लोक सभागृहात आणि बाहेरच्या रस्त्यांवर उपस्थित होते. विल्यम्स यांच्या हयातीत प्रकाशित झालेले शेवटचे गाणे या जगातून कोणीही जिवंत सुटत नाही अशा विनोदी आशयाचे होते. ते जानेवारी १९५३ मध्ये अव्वल स्थानी पोहोचले. अखेरच्या सत्रातील वर उल्लेखलेली तिन्ही गाणीही त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेली.

मरणोत्तर संकलने

मागणी वाढल्याने एमजीएमने १९५३ पासून 'मेमोरियल अल्बम'सारखी संकलने प्रकाशित केली. नवी ध्वनिमुद्रणे मिळणार नसल्याने कंपनीने विल्यम्स यांनी एकट्याने गिटारवर गायलेल्या नमुना मुद्रणांवर नंतर वादकांकडून साथ वाजवून घेतली. १९६० च्या दशकात त्यांच्या आवाजाखाली व्हायोलिनवृंद घालण्यात आला आणि मूळ मोनो मुद्रणे कृत्रिमरीत्या स्टिरिओ करून विकली गेली. पुत्र हँक विल्यम्स ज्युनियर यांचा आवाज पित्याच्या आवाजाशी जोडून युगुलगीतेही तयार झाली. 'ऑन स्टेज' (१९६२) हा अल्बम प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण म्हणून बाजारात आला. त्यातील सामग्री १९४९ च्या 'हेल्थ अँड हॅपिनेस' रेडिओ कार्यक्रमांमधील होती.

या प्रयोगांमुळे विल्यम्स यांचे नाव बाजारात टिकले, पण त्यांनी प्रत्यक्षात काय मुद्रित केले होते हे नव्या श्रोत्याला कळणे अवघड झाले. १९७८ मध्ये पॉलिडोर कंपनीने प्रकाशित केलेले '४० ग्रेटेस्ट हिट्स' हे संकलन येथे महत्त्वाचे ठरले. त्यात गाणी नंतरची भर वगळून मूळ मोनो स्वरूपात दिलेली होती. १९९८ मध्ये मर्क्युरी कंपनीने 'द कम्प्लीट हँक विल्यम्स' हा १० सीडींचा संच काढला. २२५ मुद्रणांच्या या संचात नमुना मुद्रणे आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांतील गाणीही समाविष्ट होती. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

डब्ल्यूएसएम केंद्राच्या स्थलांतराच्या वेळी 'मदर्स बेस्ट'च्या तबकड्या कचऱ्यात जाणार होत्या. ग्रँड ओल ऑप्रीचे छायाचित्रकार लेस लेव्हरेट यांनी त्या वाचवल्या. 'गार्डन स्पॉट' कार्यक्रमांच्या तबकड्या आयोवा राज्यातील क्रेस्टन येथील एका लहान रेडिओ केंद्रात सापडल्या. एका केंद्राने त्या फेकल्या नाहीत, एवढ्याच कारणाने ती मुद्रणे आज ऐकता येतात.

वारसाहक्काचे वाद

विल्यम्स यांच्या मृत्यूनंतर ऑड्री आणि बिली जीन या दोघींनीही त्यांची विधवा म्हणून हक्क सांगितला. १९५३ मध्ये ३०,००० डॉलर घेऊन बिली जीन यांनी ते नाव वापरण्याचा हक्क सोडला. १९७५ मध्ये मात्र न्यायालयाने त्यांना कायदेशीर पत्नी मानून गाण्यांच्या स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणात वाटा दिला.

विल्यम्स यांच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी बॉबी जेट यांच्या पोटी त्यांची कन्या जन्मली. जन्मापूर्वीच विल्यम्स यांनी तिच्या संगोपनाचा करार केला होता. आजी लिली यांनी तिला दत्तक घेतले, परंतु १९५५ मध्ये लिली यांचे निधन झाले आणि मूल दुसऱ्या कुटुंबात वाढले. जन्मदात्याची ओळख तिला मोठेपणी समजली. १९८५ मध्ये अलाबामातील न्यायालयाने तिला विल्यम्स यांची कन्या म्हणून मान्यता दिली आणि १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा वारसाहक्क मान्य केला. जेट विल्यम्स या नावाने त्या स्वतःही गायिका म्हणून ओळखल्या जातात.

'मदर्स बेस्ट' मुद्रणांच्या मालकीचा खटला टेनेसी राज्यात चालला. एमजीएमच्या करारांचे हक्क ज्या कंपनीकडे आले होते तिने या मुद्रणांवरही दावा केला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. रेडिओसाठी केलेली ही मुद्रणे ध्वनिमुद्रिका करारात मोडत नाहीत आणि त्यांचे हक्क हँक ज्युनियर व जेट या वारसांकडे आहेत, असा निर्णय झाला. त्यानंतर २००८ पासून ही मुद्रणे टप्प्याटप्प्याने प्रकाशित झाली.

प्रभाव

विल्यम्स यांच्या रचनांत शब्द साधे, वाक्ये बोलीतील आणि स्वररचना मोजक्या सुरांची असते. त्यामुळे त्या इतर संगीतप्रकारांत सहज सामावल्या. रे चार्ल्स यांनी १९६२ च्या 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक' या अल्बममध्ये त्यांची गाणी घेतली. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९७३ च्या हवाई येथील कार्यक्रमात 'आय ॲम सो लोन्सम आय कुड क्राय' गायले. ते त्या कार्यक्रमाच्या अल्बममध्ये आहे. जॉर्ज थॉरोगुड यांनी १९७८ मध्ये 'मूव्ह इट ऑन ओव्हर' रॉक शैलीत सादर केले. विल्यम्स यांच्या वह्यांतील अपूर्ण गीतांना निरनिराळ्या गायकांनी चाली दिल्या. बॉब डिलन यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये ती अल्बमरूपात आली.

सन्मान

- १९६१ – कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जिमी रॉजर्स व फ्रेड रोझ यांच्यासह पहिल्या तुकडीत समावेश
- १९७० – साँगरायटर्स हॉल ऑफ फेम
- १९८७ – रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार
- २०१० – गीतलेखनातील कौशल्याबद्दल पुलित्झर विशेष सन्मान (मरणोत्तर)

त्यांच्या जीवनावर 'युअर चीटिन हार्ट' (१९६४) आणि 'आय सॉ द लाइट' (२०१५) हे चित्रपट आले. मॉन्टगोमेरी येथील संग्रहालयात त्यांची अखेरच्या प्रवासातील कॅडिलॅक मोटार जतन केलेली आहे.

निवडक अल्बम

- हँक विल्यम्स सिंग्ज (१९५१) – हयातीतील पहिला अल्बम
- मोनिन द ब्लूज (१९५२) – हयातीतील दुसरा व शेवटचा अल्बम
- मेमोरियल अल्बम (१९५३) – मृत्यूनंतरचे संकलन
- ऑन स्टेज (१९६२) – रेडिओ कार्यक्रमांतील गाणी
- ४० ग्रेटेस्ट हिट्स (१९७८) – मूळ मोनो मुद्रणांचे संकलन
- हेल्थ अँड हॅपिनेस शोज (१९९३) – १९४९ चे रेडिओ कार्यक्रम
- द कम्प्लीट हँक विल्यम्स (१९९८) – १० सीडींचा संच
- द कम्प्लीट मदर्स बेस्ट रेकॉर्डिंग्ज (२०१०) – १९५१ चे रेडिओ कार्यक्रम, १५ सीडी
- द गार्डन स्पॉट प्रोग्रॅम्स, १९५० (२०१४) – क्रेस्टन येथे सापडलेली मुद्रणे, ग्रॅमी पुरस्कारप्राप्त